उमेदवारांच्या बातम्या आणि झुकतं माप

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. तुम्ही भांडुपला राहता, घरी तीस वर्षं एकच मराठी पेपर येतो. 2024 च्या विधानसभेच्या वेळी तो तुमच्या मतदारसंघातल्या एका उमेदवाराला उचलून धरतोय असं तुम्हाला रोज वाटत होतं. बाबांना मात्र तोच पेपर अगदी सरळ वाटत होता. ऑफिसातली मैत्रीण तर म्हणत होती, हा पेपर नेमका दुसऱ्या बाजूचा. मग पक्षपात आहे की नाही हे कळणार कसं, आणि असला तर वाचकाने करायचं काय?

मी 24 वर्षं मुंबईतल्या मराठी दैनिकांच्या डेस्कवर काढली, त्यातली शेवटची नऊ वृत्तसंपादक म्हणून. बातमी आणायचं काम बातमीदाराचं. ती दोन कॉलम जाणार की सिंगल, पानात वर लागणार की खाली, शीर्षक काय, फोटो कुठला, हे आम्ही ठरवायचो. बातमीदाराला शिव्या घालणारे बहुतेक वाचक ज्या शीर्षकावर चिडलेले असतात, ते शीर्षक त्याने दिलेलंच नसतं. म्हणून तुमच्या प्रश्नावर डेस्कच्या बाजूने बोलते.

आधी प्रश्न थोडा फिरवून घेऊ. ‘हा पेपर निःपक्षपाती आहे का?’ असं विचारलं की वाद होतो, उत्तर मिळत नाही. त्याऐवजी असं विचारा: माझ्या मतदारसंघातल्या उमेदवारांची तुलना करण्यासाठी मला जे कळायला हवं होतं ते या पेपरने दिलं का, आणि सगळ्यांच्या बाबतीत सारखेच कष्ट घेतले का? याचं उत्तर पानं समोर ठेवून शोधता येतं.

तुमचा, बाबांचा आणि मैत्रिणीचा अनुभव वेगळा का, याचं एक कारण पेपरात नाहीच. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या व्हॅलोन, रॉस आणि लेपर या तिघांनी 1985 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 1982 च्या बैरूतमधल्या हत्याकांडाच्या त्याच त्या टीव्ही बातम्या त्यांनी इस्रायलच्या आणि अरबांच्या समर्थकांना दाखवल्या. दोन्हीकडच्यांनी सांगितलं, बातम्या आमच्या विरोधात झुकलेल्या आहेत. माणूस जितका एका बाजूला घट्ट, तितकी मधली गोष्ट त्याला पलीकडची दिसते. तुमची मैत्रीण कुठल्या पक्षाची कट्टर समर्थक असेल, तर तिच्या म्हणण्यातला काही भाग यात जाईल. तुमच्याही म्हणण्यातला जाऊ शकेल.

पण याच अभ्यासाचा उलटा वापर मी न्यूजरूममध्ये वर्षानुवर्षं ऐकला आणि तो मला कधीच पटला नाही. ‘दोन्ही बाजूंचे फोन येतात, दोघंही ओरडतात, म्हणजे आपण मधोमध आहोत.’ हे खरं नाही. दोघं ओरडत असतानाही पेपर एकीकडे पुरता कललेला असू शकतो. तक्रारी मोजून माप कळत नाही, पानं मोजावी लागतात.

आणखी एक फरक सुरुवातीलाच करून ठेवते. उघड बाजू घेणारी पत्रकारिता आपल्याकडे नवी नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात 1956 साली आचार्य अत्र्यांनी ‘मराठा’ काढला, तेव्हा तो कुणाच्या बाजूने आहे हे वाचकाला पहिल्या अंकापासून ठाऊक होतं. ‘सामना’ हातात घेणाऱ्यालाही आपण कुणाचं मुखपत्र वाचतोय हे माहीत असतं. अग्रलेखात एखाद्या पेपरने अमुक उमेदवार निवडून यावा असं लिहिलं, तर तो त्याचा हक्क आहे. माझी तक्रार त्या बाजूबद्दल आहे जी बातमीच्या पोटात शिरते आणि वर ‘प्रतिनिधी’ असं लिहून येते.

आता पानाचा हिशोब बघा, कारण सगळ्यात मोठा असमतोल इथेच असतो आणि त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. 2024 मध्ये अर्ज मागे घ्यायची शेवटची तारीख होती 4 नोव्हेंबर, प्रचार थांबला 18 नोव्हेंबरला आणि मतदान 20 ला. म्हणजे लढत स्पष्ट झाल्यावर हातात दोन आठवडे. मुंबईत विधानसभेचे 36 मतदारसंघ. प्रत्येकी सहाच उमेदवार धरले तरी दोनशेच्या वर नावं होतात. शहराची पानं तीन-चार, त्यातली निम्मी जाहिरातींनी खाल्लेली. राजकारण बघणारे बातमीदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि ते पक्षांच्या मुख्यालयांत, नेत्यांच्या सभांत आणि बंडखोरांच्या मागे. मग होतं काय, वरळी-माहीमसारख्या नावाजलेल्या लढती पानं भरून येतात आणि भांडुप, घाटकोपर, मालाडच्या वाट्याला आठवड्यात एखादा ‘मतदारसंघाचा आढावा’ येतो. त्या अर्ध्या पानात मावळत्या आमदाराची कामं, मुख्य प्रतिस्पर्ध्याचे आरोप, मागच्या वेळची मतं आणि शेवटी ‘याशिवाय अन्य उमेदवारही रिंगणात आहेत’ हे वाक्य. ते वाक्य मी स्वतः किती वेळा पास केलंय याची गणती नाही.

तुमच्या उमेदवारांबद्दल दोन आठवड्यांत एकूण पाच-सहाच बातम्या आल्या असतील, तर त्यातली एक इकडची तिकडे झाली तरी माप झुकलेलं दिसतं. इतक्या थोड्या मजकुरावरून पेपरच्या हेतूबद्दल ठामपणे बोलता येत नाही. वाचकाचं नुकसान मात्र झालेलं असतं, हेतू असो वा नसो.

हेतू नसताना माप कसं झुकतं याची दोन उदाहरणं देते. पहिलं प्रेस नोटचं. संध्याकाळी साडेसहा-सातला डेस्कवर उमेदवारांच्या प्रेस नोट्सचा पाऊस पडतो. एकाच्या कार्यालयात पगारी माणूस बसलेला. त्याची नोट युनिकोडमध्ये, शुद्ध, दोनशे शब्दांत, सोबत फोटो आणि फोटोओळ. दुसऱ्याचा कार्यकर्ता हाताने लिहिलेल्या कागदाचा मोबाइलवर काढलेला अंधुक फोटो पाठवतो, नाहीतर जुन्या फॉण्टमधली फाइल, जी उघडली की चौकटी दिसतात. पान सोडायला दीड तास. उपसंपादक कुठली नोट उचलेल? त्याचं कुणाशी वाकडं नाही, पण दुसऱ्या दिवशी वाचकाला दिसतं की एकच उमेदवार मतदारसंघात फिरतोय. हे मी थांबवायला हवं होतं. आमच्याकडे टायपिंगला माणूस होता. ‘त्या कागदावरचं टाइप करून घ्या’ एवढंच सांगायचं होतं, आणि बऱ्याच संध्याकाळी मी ते सांगितलं नाही.

प्रेस नोट जशीच्या तशी छापली की तिच्या खुणा राहतात. ‘झंझावाती प्रचारदौरा’, ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’, ‘ठिकठिकाणी औक्षण’, ‘जनसागर लोटला’, ‘विजयाचा निर्धार’. स्वतः तिथे उभा राहिलेला बातमीदार असं लिहीत नाही. तो लिहितो की पदयात्रा अमुक नाक्यावर वीस मिनिटं थांबली आणि लोकांनी पाण्याचा प्रश्न विचारला. बातमीत एकाही मतदाराचा प्रश्न नसेल आणि प्रतिसाद मात्र उत्स्फूर्त असेल, तर ती उमेदवाराच्या कचेरीतून आली आहे असं समजून वाचा.

दुसरं उदाहरण फोटोचं. एका निवडणुकीत आम्ही दोन सभांचे फोटो शेजारी-शेजारी लावले. एकात खचाखच माणसं, दुसऱ्यात रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा. दुसऱ्या दिवशी त्या दुसऱ्या उमेदवाराचे लोक ऑफिसात आले. चौकशी केली तेव्हा कळलं, छायाचित्रकाराला एका संध्याकाळी तीन सभा होत्या. तो तिथे साडेपाचला पोहोचला, सभा सुरू झाली साडेसातला. फोटो खोटा नव्हता, पण त्याने सांगितलेली गोष्ट खोटी होती. खुलासा छापला, तोही सिंगल कॉलम. नंतर मी नियम केला की सभेच्या फोटोओळीत वेळ लिहायची. तो नियम त्या निवडणुकीपुरताच टिकला, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता हेतू असलेल्या झुकत्या मापाकडे येऊ. ते क्रियापदांत शोधा. बातमीत कोण ‘म्हणाले’ आणि कोण ‘दावा केला’? कुणी ‘स्पष्ट केलं’ आणि कुणाला ‘सारवासारव करावी लागली’? एकाने ‘खडे बोल सुनावले’ आणि दुसऱ्याने ‘आगपाखड केली’, प्रत्यक्षात दोघांनी एकमेकांवर तेच आरोप केलेले. एकदा असा शब्द आला तर तो उपसंपादकाचा हात. रोज त्याच दिशेने येत असेल तर ती पेपरची सवय झालेली असते. 2014 च्या विधानसभेनंतर मी आमच्याच पानांची कात्रणं घेऊन बसले आणि वहीत उमेदवारनिहाय क्रियापदं लिहून काढली. ज्या पक्षाबद्दल माझ्या मनात अढी होती, त्याच्या उमेदवारांसाठी मी पास केलेल्या शीर्षकांत ‘दावा’ आणि ‘आरोप’ ढळढळीत जास्त होते. मला कुणी तसं सांगितलेलं नव्हतं. पुढच्या निवडणुकीत मी डेस्कवर सांगून ठेवलं: शीर्षकात शक्यतो नुसतं अवतरण द्या, क्रियापद गाळा.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे प्रश्न कुणाला विचारले. एका उमेदवाराला ‘मतदारसंघासाठी तुमचं स्वप्न काय?’ आणि दुसऱ्याला ‘पुनर्विकासाच्या रखडलेल्या प्रकल्पातले रहिवासी भाडं मिळत नाही म्हणतात, तुम्ही काय केलं?’ दोन्ही मुलाखती सारख्याच जागेत, सारख्याच आकाराच्या फोटोसकट छापता येतात. पट्टीने मोजलं तर समतोल, वाचलं तर एकाची परीक्षा झाली आणि दुसऱ्याचा सत्कार. मी आज वाचक म्हणून पेपर उघडते तेव्हा सगळ्यात आधी हेच बघते.

यात एक अडचण आहे आणि ती लपवत नाही. समान जागा, समान सूर म्हणजे न्याय, असंही नसतं. मावळत्या आमदाराला पाच वर्षांचा हिशोब विचारलाच पाहिजे. नव्या उमेदवाराकडे तो हिशोबच नसतो. एकाच्या प्रतिज्ञापत्रात गंभीर गुन्हे असतील आणि दुसऱ्याच्या नसतील, तर दोघांच्या बातम्या सारख्या गोड येणं हाच पक्षपात होईल. म्हणून ‘याच्याबद्दल वाईट जास्त छापलं’ एवढ्यावरून मी निष्कर्ष काढणार नाही. वाईट छापलेलं खरं होतं का, त्याची बाजू विचारली होती का, आणि तीच गोष्ट समोरच्याच्या बाबतीत तपासली होती का, हे बघावं लागेल. यातलं पहिलं वाचकाला प्रतिज्ञापत्रावरून पडताळता येतं. दुसरं बातमीतच दिसतं. तिसऱ्यासाठी बरेच दिवस वाचावं लागतं.

पैशाबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण ‘पक्षपात’ म्हणून जे दिसतं त्यातलं बरंच काही खरं तर विक्री असते. 2009 च्या महाराष्ट्र विधानसभेनंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’त दाखवून दिलं की एकाच नेत्याची स्तुती करणारा तोच मजकूर, शब्दन् शब्द, वेगवेगळ्या मराठी दैनिकांत बातमी म्हणून छापून आला होता. पुढे वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने 2010 मध्ये अहवाल दिला. त्यात आणखी एक प्रकार नोंदवला आहे: एकाच पानावर एकमेकांविरुद्ध उभ्या असलेल्या उमेदवारांबद्दलचे दोन लेख, आणि दोघांचाही विजय जवळजवळ नक्की. असं पान हातात आलं तर हा पेपर कुणाचा म्हणून डोकं खाजवू नका. तो दोघांनाही विकला गेला आहे.

2009 च्या त्याच निवडणुकीत मी जिथे होते, तिथे जाहिरात विभागाकडून डेस्कला एक यादी आली. कुणाचं पॅकेज किती दिवसांचं, त्यात बातम्या किती, मुलाखत कितव्या दिवशी. एक अपक्ष बाई, पालिका शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, हाताने लिहिलेला कागद घेऊन आल्या होत्या. त्यांचं म्हणणं एवढंच, की मी उभी आहे ही एक ओळ तरी छापा. त्यांना खाली जाहिरात विभागात पाठवण्यात आलं. त्या गेल्या नाहीत, दाराशी उभ्या राहिल्या. मी संक्षिप्त बातम्यांत तीन ओळी घातल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याबद्दल बोलणी खाल्ली. पैशाने छापलेल्या बातमीचा खरा फटका असा बसतो. ज्याने पैसे दिले त्याची स्तुती होते हे वाचक एक वेळ ओळखतो. ज्याने दिले नाहीत तो पानावरून नाहीसाच होतो, आणि नसलेली बातमी कुणाला दिसत नाही.

उमेदवाराला यात रस का, तर खर्चाची मर्यादा. आपल्याकडे विधानसभेसाठी ती सध्या 40 लाख रुपये आहे. जाहिरात दिली तर हिशेबात दाखवावी लागते, ‘बातमी’ दाखवावी लागत नाही. म्हणून निवडणूक आयोगाने जिल्हा आणि राज्य पातळीवर माध्यम प्रमाणीकरण आणि संनियंत्रण समित्या नेमल्या. मजकूर पैसे देऊन छापलेला आहे असं समितीचं मत झालं, तर त्याचा अंदाजी खर्च उमेदवाराच्या खात्यात धरला जातो. हे प्रकरण किती गंभीर होऊ शकतं ते उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांच्या बाबतीत दिसलं. 2007 च्या निवडणुकीत छापून आणलेल्या मजकुराचा खर्च त्यांनी दाखवला नव्हता. आयोगाने 2011 मध्ये त्यांना तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं.

मतदानाच्या दिवशी सकाळी पहिल्या पानाच्याही आधी जाहिरातीचं अख्खं पान दिसलं की अनेक जण विचारतात, प्रचार तर थांबलाय ना? शेवटच्या 48 तासांची कायद्यातली बंदी सभा, मिरवणुका, टीव्ही वगैरेंना आहे, छापील पेपरला तशी सरसकट नाही. आदल्या दिवशीची आणि मतदानाच्या दिवसाची छापील जाहिरात मात्र त्याच समितीकडून आधी मंजूर करून घ्यावी लागते.

टीव्हीबद्दल फार लिहीत नाही, ते माझं क्षेत्र नव्हे. आवाज बंद करून दहा मिनिटं बघा आणि कुणाला किती वेळा मध्येच तोडलं जातंय ते मोजा, एवढं सुचवेन. गल्लीतल्या यूट्यूब चॅनेलांचं म्हणाल तर आधी निवडणुकीआधीच्या सहा महिन्यांतले व्हिडिओ बघा. वाढदिवसाच्या शुभेच्छा कुणाच्या आहेत ते कळलं की बाकी विचारायला नको.

तुम्ही प्रत्यक्षात काय करावं? पुढच्या निवडणुकीत अर्ज माघारीनंतरचे दहा-बारा दिवस दोन पेपर घ्या. एक घरचा आणि एक तुम्हाला न आवडणारा. तुमच्या मतदारसंघाची प्रत्येक बातमी कापून वहीत चिकटवा आणि बाजूला लिहा: कुणाबद्दल, पान कितवं, किती कॉलम, बोलणारा कोण, त्याला कुठला प्रश्न विचारला, समोरच्याची बाजू आहे का, क्रियापद कुठलं. रोज पाच मिनिटांचं काम आहे. चार-पाच दिवसांनी ज्या उमेदवाराचं नाव वहीत एकदाही आलेलं नाही, त्याचं नाव लाल पेनाने लिहा.

मग पेपर बाजूला ठेवून प्रत्येकाचं प्रतिज्ञापत्र वाचा. नमुना 26 म्हणतात त्याला. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते असतं. संपत्ती, कर्ज, शिक्षण, प्रलंबित खटले, सगळं उमेदवाराने शपथेवर लिहिलेलं. शिवाय गुन्हे नोंद असलेल्या उमेदवाराला ती माहिती प्रचाराच्या काळात तीनदा पेपरात स्वतः छापावी लागते. ती जाहीर नोटिसांच्या गर्दीत सापडेल. प्रतिज्ञापत्रात असलेली आणि पेपरच्या आढाव्यात नसलेली गोष्ट कुठली, हे दोन्ही उमेदवारांसाठी ताडून बघा. एकाच्याच बाबतीत ती गाळलेली असेल, तर तुमच्या संशयाला आता आधार आहे. दोघांच्याही बाबतीत गाळलेली असेल तर तो आळस आहे, आणि माझ्या अनुभवात हेच जास्त वेळा निघतं.

आधार सापडला तर संपादकांना पत्र लिहा. ‘तुमचा पेपर विकला गेलाय’ असली पत्रं आम्ही वाचून बाजूला ठेवायचो. ‘6 ते 14 तारखेदरम्यान तुम्ही अमुक उमेदवाराच्या चार बातम्या छापल्या, तमुकची एकही नाही, कात्रणं सोबत जोडली आहेत’ असं पत्र आलं की सकाळच्या मीटिंगमध्ये ते टेबलावर यायचं. माझ्या काळात अशी तीन पत्रं आली आणि तिन्ही वेळा दुसऱ्या आठवड्यात पान बदललं. दाद लागली नाही तर प्रेस कौन्सिलकडे जाता येतं. दैनिकाबाबत प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत, आणि आधी संपादकांना लिहिल्याचा पुरावा जोडून. कौन्सिल समज देऊ शकतं, ताशेरे ओढू शकतं. दंड करू शकत नाही. पैसे देऊन छापल्याचा संशय असेल तर मात्र वाट बघू नका. लगेच जिल्हा निवडणूक कार्यालयातल्या त्या समितीकडे कात्रण द्या. भांडुप मुंबई उपनगर जिल्ह्यात येतं, ते धरून कार्यालय शोधा.

बाबांशी यावरून वाद घालू नका असं मी म्हणेन. त्यांना ती वही भरायला द्या. तीस वर्षं एक पेपर वाचणाऱ्या माणसाला त्यात काय बदललंय हे तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर दिसेल. आणि कात्रणावर तारीख, पान क्रमांक आणि आवृत्ती त्याच दिवशी लिहून ठेवा. मुंबईच्या एकाच पेपरचं ठाण्याला जाणारं पान वेगळं असतं.